भूगर्भाचें प्रत्यक्ष प्रमाण

आपल्या पुराणकारांनीं पृथ्वीखालीं सात लोक कल्पिले: अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल आणि पाताळ. प्रत्येकाचे रहिवासी वेगळे, राजे वेगळे, वैभव वेगळें. युरोपांतील धर्मकथांनीं त्याच ठिकाणीं धगधगता नरक बसविला. कल्पना कोणाचीही असो, तिची खातरजमा करावयाची तर खालीं जाऊन पाहून येणें हा एकच मार्ग होता, आणि तो कोणालाच मोकळा नव्हता. चंद्र पृथ्वीपासून सुमारें ३,८४,००० किलोमीटर दूर. तेथें मनुष्य १९६९ सालीं उतरला. स्वतःच्या पायांखालीं मात्र तो आजवर १२ किलोमीटर आणि वर थोडेसे मीटर इतकाच पोंचला आहे. आणि तोही स्वतः नव्हे, त्याच्या पोलादी गिरमिटाचें टोंक.

न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष आणि अनुमान हीं दोन निरनिराळीं प्रमाणें मानलीं आहेत. डोंगरावर धूर दिसला म्हणजे तेथें अग्नि असला पाहिजे असें म्हणणें हें अनुमान. डोंगर चढून तो अग्नि डोळ्यांनीं पाहणें हें प्रत्यक्ष. शाळेंतील भूगोलाच्या पुस्तकांत पृथ्वी मधोमध कापून तिचें कवच, प्रावरण आणि गाभा असे भाग वेगवेगळ्या रंगांत दाखविलेले असतात. तें चित्र जवळजवळ सर्वस्वीं अनुमानाचें आहे. अनुमान पुष्कळ पुराव्यांवर उभें आहे यांत संशय नाहीं. पण तें अनुमानच. आणि येथें धुराचें काम भूकंपाच्या लहरी करतात.

हें कसें घडतें तें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. ८ ऑक्टोबर १९०९ रोजीं क्रोएशियांतील झाग्रेब शहराच्या दक्षिणेस भूकंप झाला. तेथील वेधशाळेचे प्रमुख अंद्रिया मोहोरोविचिच यांनीं ठिकठिकाणच्या भूकंपमापकांवरील नोंदी जमवून त्या एकमेकींशीं ताडून पाहिल्या. तेव्हां असें दिसलें कीं, दूरच्या ठिकाणीं एकाच धक्क्याच्या लहरी दोन निरनिराळ्या वेळीं येऊन पोंचतात. जणू एक मनुष्य गल्लीबोळांतून सरळ निघाला आणि दुसरा थोडा वळसा घालून हमरस्त्यानें गेला. अंतर जवळचें असेल तर पहिला लवकर पोंचतो, लांबचें असेल तर दुसरा. हा हमरस्ता जमिनीच्या खोल पोटांत होता. एका ठराविक खोलीखालीं लहरींचा वेग एकदम वाढतो, म्हणजे तेथें वेगळ्या जातीचा, अधिक घन खडक असला पाहिजे, असें त्यांनीं ठरविलें. पृथ्वीच्या कवचाची ही खालची सीमा आज त्यांच्याच नांवाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून ‘मोहो’ म्हणून ओळखली जाते. ती भूखंडांखालीं बहुधा ३० ते ५० किलोमीटरवर असते. महासागराच्या तळाखालीं मात्र ५ ते १० किलोमीटरवरच.

या शेवटच्या गोष्टीनें कांहीं अमेरिकन शास्त्रज्ञांना भुरळ घातली. १९५७ सालीं वॉल्टर मंक, हॅरी हेस आणि त्यांच्या स्नेह्यांनीं असा प्रस्ताव मांडला कीं, कवच जेथें सर्वांत पातळ आहे तेथें, म्हणजे भर समुद्रांत, छिद्र पाडून थेट मोहोला गांठावें. या योजनेला ‘मोहोल’ असें नांव पडलें. १९६१ सालीं मेक्सिकोच्या ग्वाडालूप बेटाजवळ एका जहाजावरून काम सुरू झालें. जहाजाखालीं साडेतीन किलोमीटरांहून अधिक पाणी. नांगर टाकण्याची सोयच नव्हती. तेव्हां जहाजाच्या कडांना वळतीं यंत्रें बसवून त्यांच्या जोरानें तें एकाच जागीं खिळवून धरलें गेलें. सागराच्या तळाखालीं १८३ मीटर छिद्र पडलें आणि शेवटचे कांहीं मीटर बॅसाल्ट खडक हातीं आला. समुद्रतळाच्या गाळाखालीं काय आहे तें माणसानें असें पहिल्यानेंच पाहिलें. ख्यातनाम कादंबरीकार जॉन स्टाइनबेक त्या जहाजावर होते आणि त्यांनीं ‘लाइफ’ साप्ताहिकांत त्याचें वर्णन लिहिलें. पुढें मात्र खर्च फुगत गेला, वाद माजले आणि १९६६ सालीं अमेरिकन काँग्रेसनें पैसा देणें बंद केलें. जहाज एका जागीं धरण्याची युक्ति तेवढी समुद्रांतील तेलविहिरींच्या कामीं आली. २०२३ सालीं अटलांटिक महासागरांत, जेथें प्रावरणाचा खडक आपण होऊन समुद्रतळापर्यंत वर आला आहे तेथें, १,२६८ मीटरचें छिद्र पाडून त्या खडकाचे लांबच लांब नमुने काढण्यांत आले. परंतु कवचाला आरपार भेदून मोहोखालीं अद्यापि कोणी गेलेलें नाहीं.

या धंद्यांत खरा पल्ला गांठला तो रशियनांनीं, आणि तोही कोरड्या जमिनीवरून. उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, नॉर्वेच्या सरहद्दीजवळ, कोला नांवाचें द्वीपकल्प आहे. झाडें खुरटीं, हिवाळा लांब, सूर्य कित्येक आठवडे उगवत नाहीं. तेथें झापोल्यार्नी गांवाजवळ २४ मे १९७० रोजीं एका छिद्रास आरंभ झाला. तेल शोधावयाचें नव्हतें, खाण काढावयाची नव्हती. १५,००० मीटर खोल जावयाचें आणि वाटेंत काय लागतें तें पहावयाचें, एवढाच उद्देश होता. अमेरिका आणि रशिया यांच्यांतील चढाओढीचा त्यांत भाग होता हें खरें. पण चढाओढीनें पैसा पुरविला तरी प्रश्न शास्त्राचेच होते. जागाही विचारपूर्वक निवडलेली होती. वरचे थर झिजून गेल्यामुळें अब्जावधि वर्षांचे जुने खडक तेथें उघडे पडले आहेत. म्हणजे ग्रंथाचीं पहिलीं कित्येक पानें निसर्गानेंच उलटून ठेवलेलीं होतीं.

शहरांतील इमारतींसाठीं पाडतात त्या कूपनलिकेचा, म्हणजे लोकांच्या तोंडीं असलेल्या ‘बोअर’चा, येथें कांहींच उपयोग होत नाहीं, हें समजून घेतलें म्हणजे कोल्याच्या कामाची महती कळते. तेथें वरचें यंत्र सबंध दांडा फिरवितें आणि दांड्याच्या टोंकाचें पातें खडक फोडतें. दांडा शंभर मीटरचा असला तर हें चालतें. दहा किलोमीटरचा दांडा वरून फिरवूं लागल्यास तो सुताच्या धाग्याप्रमाणें पिळला जाईल. वरचें टोंक कित्येक वेढे फिरून जाईल, तरी खालच्या टोंकाला त्याची वार्ताही लागणार नाहीं. कोल्याच्या यंत्रशास्त्रज्ञांनीं म्हणून दांडा स्थिर ठेवला आणि फक्त पातें फिरविलें. पोकळ नळ्यांतून दाट चिखलासारखा द्राव प्रचंड दाबानें खालीं सोडीत. त्याच्या जोरानें तळाशीं बसविलेलें चक्र फिरे, जसें धबधब्यानें पाणचक्की फिरावी तसें, आणि त्या चक्राला जोडलेलें पातें खडक चावीत जाई. तोच द्राव बाहेरच्या बाजूनें वर येतांना खडकाचा चुरा घेऊन येई, पात्याला थंड ठेवी, आणि आपल्या वजनानें छिद्राच्या भिंती आंत कोसळूं देत नसे. नळ्या पोलादाच्या ठेवल्या असत्या तर स्वतःच्याच भारानें तुटल्या असत्या. म्हणून त्या ॲल्युमिनियमच्या मिश्र धातूच्या केल्या.

आणि एवढें करून छिद्राची रुंदी किती? २३ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक वीत. भारतीय दूरचित्रवाणीवर आणि वृत्तपत्रांत ‘माणूस पडला तर काय होईल’ अशा ज्या गोष्टी या विवराविषयीं अधूनमधून झळकतात, त्या लिहिणारांनीं वीतभर भोंकांत माणूस कसा पडेल याचा विचार केलेला नसतो.

पातें झिजलें म्हणजे सारी नळी वर काढावी लागे. एकेक तुकडा उलगडून बाजूस उभा करावयाचा, पातें बदलावयाचें, आणि पुन्हां तोच तुकडा तुकड्याला जोडीत खालीं सोडावयाचें. खडक कठीण असल्यामुळें कांहीं मीटर गेलें कीं पातें झिजे. जसजशी खोली वाढली, तसतसा खोदण्यापेक्षां नळ्या चढविण्याउतरविण्यांतच अधिक वेळ जाऊं लागला. खडकाचा भरींव दंडगोल कापून वर आणावा, तर तोही धड हातीं लागत नसे. तळाशीं त्याच्यावर इतका दाब असे कीं, तो दाब निघून जातांच दंडगोलाच्या आपोआप चकत्या होत, आणि पुष्कळ भाग वाटेंतच चुरा होऊन जाई.

तरीही काम रेटीत १९७९ च्या जून महिन्यांत छिद्रानें ९,५८३ मीटरची मर्यादा ओलांडली. ही मर्यादा अमेरिकेंतील ओक्लाहोमा संस्थानांतील एका वायुविहिरीची होती. वितळलेला गंधक लागल्यामुळें ती १९७४ सालीं थांबवावी लागली होती. १९८३ सालीं कोला १२,००० मीटरांवर गेलें. पुढच्या वर्षीं मॉस्कोंत आंतरराष्ट्रीय भूगर्भशास्त्र परिषद भरावयाची होती. पाहुण्यांना दाखविण्याच्या तयारींत काम बराच काळ बंद राहिलें. परिषद संपली, यंत्र पुन्हां सुरू झालें, आणि २७ सप्टेंबर १९८४ रोजीं १२,०६६ मीटर खोलीवर नळी पिळवटून तुटली. पांच किलोमीटर लांबीचा तुकडा तळाशीं अडकून राहिला. तो निघेना. शेवटीं ७,००० मीटरच्या आसपास मागें येऊन बाजूनें नवी वाट काढण्यास प्रारंभ झाला. चौदा वर्षें खपून जी खोली गांठली होती तिच्या पुढें थोडेंसेंच जावयास आणखी पांच वर्षें लागलीं. १९८९ सालीं छिद्र १२,२६२ मीटरवर पोंचलें.

या आंकड्याचा अदमास असा करतां येईल: एव्हरेस्टच्या माथ्यावर आपलें कळसूबाई दोनदां एकावर एक ठेवलें तरी त्यांची मिळून उंची या छिद्राच्या खोलीहून शंभरावर मीटर कमीच भरेल. आणि पृथ्वीच्या मध्यापर्यंतचें अंतर ६,३७१ किलोमीटर असल्यामुळें त्या वाटेचा हा जेमतेम पांचशेंविसावा हिस्सा. तेलाच्या कांहीं विहिरी, कतारजवळ २००८ सालीं आणि सखालीन बेटाजवळ २०११ सालीं खोदलेल्या, मोजमापाला याहून लांब भरल्या. परंतु त्या तिरप्या जातात, सरळ खालीं नव्हे. चीननें तारिम खोऱ्यांत २०२३ सालीं सुरू केलेली विहीर २०२५ च्या फेब्रुवारींत १०,९१० मीटरवर पोंचली. सरळ खोलींत कोला अजून अजिंक्य आहे.

आतां त्या बारा किलोमीटरांत सांपडलें काय, याकडे वळावें; कारण लांबीचा विक्रम हा या हकीकतींतील गौण भाग आहे.

पहिलें आश्चर्य खडकाचें. भूकंपलहरींवरून असें मानलें जात होतें कीं, भूखंडांच्या कवचाचे दोन मजले आहेत: वर ग्रॅनाइट, खालीं बॅसाल्ट. कोल्याच्या ठिकाणीं हा दुसरा मजला सुमारें सात किलोमीटरवर लागावा अशी अपेक्षा होती. सात किलोमीटर गेले, आठ गेले, बारा गेले. बॅसाल्टचा मजला लागलाच नाहीं. ग्रॅनाइटच्याच जातीचे खडक उष्णतेनें आणि दाबानें बदललेले व भेगाळलेले असे खालीं खालीं चालू राहिले. म्हणजे लहरींनीं जो बदल दाखविला होता तो खरा होता. पण तो खडकाची जात बदलल्याचा नव्हे, खडकाची अवस्था बदलल्याचा. धूर दिसला होता तो खराच होता. त्याच्या मुळाशीं वेगळेंच लाकूड जळत होतें.

दुसरें आश्चर्य पाण्याचें, आणि याचें महत्त्व पुढें कळून येईल. इतक्या खोलीवर वरच्या भारानें खडकांतील सर्व फटी दाबून मिटलेल्या असतील, तेथें मोकळें पाणी असणार नाहीं, असा समज होता. प्रत्यक्षांत भेगाळलेले आणि पाण्यानें भरलेले खडक लागले. हें पाणी पावसाचें मुरलेलें नसून खनिजांच्या घडणींतच बांधलेले हायड्रोजन व ऑक्सिजन दाबाखालीं बाहेर पडून तें तयार झालें, आणि वरच्या अभेद्य थरांमुळें तेथेंच कोंडून राहिलें, असा त्याचा उलगडा केला जातो. वर येणाऱ्या चिखलांत हायड्रोजन वायु इतका मिसळलेला असे कीं, तो चिखल उकळत असल्यासारखा दिसे. सुमारें सहा किलोमीटर खोलीवरच्या खडकांत अतिप्राचीन सूक्ष्म जलजीवांच्या २४ जातींचे अवशेष आढळले, हें आणखी एक नवल. इतक्या उष्णतेंत आणि दाबांत त्यांचीं नाजूक कवचें टिकून राहिलीं होतीं.

तिसरें आश्चर्य उष्णतेचें, आणि त्यानेंच अखेर काम थांबविलें. तळाशीं उष्णतामान सुमारें १०० अंश असेल असा हिशेब होता. तें १८० अंश निघालें. एवढ्या तापांत खडक दगडासारखा वागत नाहीं, मऊ लोण्याकडे झुकूं लागतो. पातें वर काढलें कीं छिद्र आपण होऊन आवळत येई. ठरलेल्या १५,००० मीटरांवर ३०० अंशांची गांठ पडली असती आणि तेथें त्या वेळचें कोणतेंही पातें चाललें नसतें. १९९२ सालीं खोदणें बंद झालें. तोंवर ज्या राज्यानें तें आरंभिलें होतें तेंही विलयास गेलें होतें. पुढें २००८ च्या सुमारास तो सारा कारखाना ओस पडला. आज मोडक्या भिंतींच्या मधोमध बोल्टांनीं आवळलेलें गंजकें लोखंडी झांकण तेवढें आहे. जगांतील सर्वांत खोल विवराचें तेंच तोंड.

ज्या सुमारास शास्त्रज्ञ या आश्चर्यांचा अर्थ लावीत होते, त्याच सुमारास पाश्चात्य देशांत एक अफवा पसरली कीं, सैबेरियांतील एका खोल विवरांत ध्वनिग्राहक सोडला असतां पापी जीवांचा आक्रोश ऐकूं आला. अमेरिकेंतील एका धार्मिक दूरचित्रवाणी केंद्रानें ती बातमी म्हणून प्रसृतही केली. असा ध्वनिग्राहक तेवढ्या तापांत टिकला असता का, हा साधा प्रश्नही कोणी विचारला नाहीं. खऱ्या छिद्रांतून जें कळलें तें या अफवेहून कितीतरी अधिक चमत्कारिक होतें. परंतु त्याला तेवढे श्रोते मिळाले नाहींत.

रशियनांमागून जर्मनांनीं हा उद्योग हातीं घेतला. बव्हेरियांतील विंडिशएशेनबाख गांवाजवळ आधीं ४,००० मीटरचें एक चांचणीचें छिद्र पाडून १९९० ते १९९४ या काळांत त्यांनीं मुख्य छिद्र ९,१०१ मीटरपर्यंत नेलें. ही जागा निवडण्याचें एक कारण असें कीं, दुसऱ्या विचाराधीन जागेपेक्षां येथें जमिनींतील उष्णता कमी असेल असें अनुमान होतें. तेंही चुकलें, नऊ किलोमीटरवरच २६० अंशांहून अधिक ताप लागला. दोन प्राचीन भूखंडांच्या सांध्याची रेषा थोड्या खोलीवर आडवी लागेल ही अपेक्षा होती. ती रेषाही सांपडली नाहीं. पाणी मात्र येथेंही सांपडलें, खारट आणि भेगांतून हिंडणारें.

छिद्र पुरें झाल्यावर त्यांनीं एक प्रयोग केला, आणि साऱ्या खोल विवरांच्या इतिहासांत याहून बोधप्रद प्रयोग विरळा. तळाशीं सुमारें २०० घनमीटर, म्हणजे दोन लक्ष लिटर, मिठाचें पाणी दाबानें सोडलें. शहरांतील एखाद्या मोठ्या इमारतीच्या टांकींत मावेल इतकेंच तें पाणी. त्यानें नऊ किलोमीटर खोलीच्या आसपास सुमारें ४०० बारीक भूकंप उत्पन्न झाले. कोणालाही इजा व्हावी असा त्यांतला एकही नव्हता. पण त्यांनीं सिद्ध केलें तें भयचकित करणारें होतें. ज्या प्रदेशांत मोठ्या भूकंपांची ख्याति नाहीं अशा शांत भूमींतसुद्धां खोलवरचा खडक सदैव तुटण्याच्या बेतांत, केवळ घर्षणाच्या आधारावर तोल सांभाळून उभा असतो. त्या भेगेंत थोडें अधिक पाणी शिरलें कीं तिच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारा जोर तितका कमी होतो, आणि एक बाजू दुसरीवरून घसरते.

याची पूर्वसूचना अमेरिकेंत तीस वर्षें आधीं, आणि नकळत, मिळाली होती. डेन्व्हर शहराजवळ लष्कराचा रासायनिक शस्त्रांचा कारखाना होता. तेथील दूषित पाणी १९६२ पासून ३,६७१ मीटर खोल विहिरींत सोडण्यांत येऊं लागलें, आणि ज्या भागांत भूकंप जवळपास माहीत नव्हते तेथें धक्के बसूं लागले. पाणी सोडण्याचे महिने आणि धक्क्यांचे महिने यांचा मेळ एका भूगर्भशास्त्रज्ञानें जुळवून दाखविल्यावर १९६६ सालीं तें बंद झालें.

त्याच १९६२ सालीं सातारा जिल्ह्यांत कोयना नदीवरील धरणांत पाणी सांठविण्यास सुरुवात झाली. थोड्याच दिवसांत परिसरांत लहान धक्के जाणवूं लागले. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहांटे, लोक साखरझोंपेंत असतां, ६.३ प्रतीचा भूकंप झाला. कोयनानगर जमीनदोस्त झालें. सुमारें १८० माणसें दगावलीं. धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण भिंत उभी राहिली, आणि त्यामुळें अनर्थ टळला; नंतर ती अधिक बळकट करण्यांत आली. जलाशयामुळें चाळविल्या गेलेल्या भूकंपांत आजवर याहून मोठा दुसरा नोंदला गेलेला नाहीं. आणि तो तेवढ्यावर थांबला असेंही नाहीं: पुढें वारणेचें धरण भरल्यावर दक्षिणेकडचा भागही हलूं लागला, आणि पांच प्रतीहून मोठे वीसावर धक्के त्या लहानशा प्रदेशांत बसले. जुन्या पिढींतील कोंकणांत व देशावर राहिलेल्या पुष्कळांना त्या पहांटेची आठवण असेल.

धरणाच्या पाण्यानें भूकंप होतो असें म्हटलें कीं ऐकणाऱ्याला पाण्याच्या वजनानें जमीन खचते असें वाटतें. वजनाचा थोडा वाटा आहेच. परंतु कोल्याच्या आणि जर्मनीच्या छिद्रांनीं जें दाखविलें त्यावरून खरा संशयित कोण तें लक्षांत येईल. खडक आधींच ताणलेला. त्यांतील भेगा पाण्यानें भरलेल्या. जलाशयाची पातळी पावसाळ्यांत वाढली कीं तो दाब भेगांतून हळूहळू खालीं पोंचतो. पाणी भूकंपाची शक्ति निर्माण करीत नाहीं. ती हजारों वर्षें सांठत आलेली असते. पाणी फक्त कडी काढतें. म्हणूनच अशा भूकंपांना शास्त्रज्ञ ‘निर्मित’ न म्हणतां ‘चाळविलेले’ म्हणतात, आणि हा भेद शब्दच्छलाचा नव्हे: सगळ्याच धरणांखालीं असे भूकंप कां होत नाहींत याचें उत्तर त्यांतच आहे. जेथें कडीमागें कांहीं कोंडलेलें नाहीं तेथें ती काढली तरी बिघडत नाहीं.

मात्र हेंही पुन्हां अनुमानच. तें पडताळून पाहण्यासाठीं कोयनेसारखी जागा जगांत शोधून मिळणार नाहीं. धक्के बहुतेक दोन ते नऊ किलोमीटर खोलींत, म्हणजे गिरमिटाच्या आटोक्यांत, होतात. अवघ्या वीस-तीस किलोमीटरांच्या पट्ट्यांत होतात. आणि अर्धशतकाहून अधिक काळ अखंड होत आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेच्या पुढाकारानें येथें दीड किलोमीटरपर्यंत खोल नऊ छिद्रें घेण्यांत आलीं. तोंवर सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाखालीं काय आहे हें कोणी पाहिलेलें नव्हतें. गाळाचे जाड थर असावे असाही एक तर्क होता. रासाटी येथें सुमारें ९३० मीटर काळा पाषाण संपतांच खालीं एकदम ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागला. मध्यें गाळाचा थर नाहीं. म्हणजे सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं लाव्हारस वाहूं लागला तेव्हां तो त्याहून कित्येक पट पुरातन अशा उघड्या खडकावरच पसरला. यांपैकीं कांहीं छिद्रांत भूकंपमापक सोडण्यांत आले. जमिनीवरील गाड्यांचा, यंत्रांचा, पावसाचा गोंगाट तेथें पोंचत नाहीं, त्यामुळें पूर्वीं निसटून जाणारे बारीक धक्के आतां टिपले जातात आणि त्यांच्या उगमाची जागा अधिक अचूक सांगतां येते.

२०१७ सालीं गोठणें येथें तीन किलोमीटर खोलीचें चांचणीचें विवर पुरें झालें. सुमारें सव्वा किलोमीटर काळा पाषाण, आणि पुढें तळापर्यंत ग्रॅनाइटचा खडक. कराड येथें केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयानें याच कामासाठीं प्रयोगशाळा स्थापिली आहे; छिद्रांतून निघालेले खडकांचे दंडगोल तेथें लांब पेट्यांतून खोलीच्या क्रमानें मांडून ठेवलेले आहेत. येथील छिद्रच नवा भूकंप ओढवून घेणार नाहीं ना, अशी शंका त्या भागांतील लोकांना येणें स्वाभाविक आहे. वीतभर छिद्राला पर्वताएवढा ताण मोकळा करण्याचें सामर्थ्य नसतें. जर्मनीच्या प्रयोगांतही धक्के छिद्रानें नव्हे, मुद्दाम दाबानें सोडलेल्या पाण्यानें झाले, आणि तेही नगण्य.

तीन किलोमीटरांवर भूकंपाच्या उगमाचा वरचा उंबरठा लागतो. आंतलें दालन अजून खालीं आहे. पुढचें विवर सात किलोमीटरच्या सुमारास न्यावें आणि प्रत्यक्ष सरकणाऱ्या भेगेजवळ उष्णता, पाण्याचा दाब आणि खडकाचा ताण मोजणारीं यंत्रें कायमचीं बसवावीं, असा मूळ बेत आहे. धक्का बसण्यापूर्वीं भेगेंतील पाण्याचा दाब खरोखर वाढतो का, वाढत असल्यास किती आणि किती आधीं, हें जगांत कोठेंही अद्यापि धडपणें मोजलें गेलेलें नाहीं. कोयनाकांठच्या माणसाला हा प्रश्न दर पावसाळ्यानंतर, धरण भरलें म्हणजे, नव्यानें भेडसावतो.